हप्ता तिचा, नाव तिचं, किल्ली त्याच्या खिशात

२०२४ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या गावागावांत बायका कागद घेऊन रांगेत उभ्या होत्या. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा अर्ज भरायचा होता. महिन्याला १,५०० रुपये. अटी बऱ्याच होत्या. त्यांतली एक अशी, की अर्जदार बाईच्या किंवा तिच्या कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर चारचाकी वाहन असता कामा नये. ट्रॅक्टरला तेवढी माफी. पुढे २०२५ च्या सुरुवातीला कुणाच्या दारात चारचाकी आहे याची पडताळणी करायचं काम अंगणवाडी सेविकांवर आलं. म्हणजे मानधनावर राबणाऱ्या एका बाईनं दुसऱ्या बाईच्या अंगणात डोकावून तिच्या नवऱ्याची गाडी मोजायची!

मदत गरजूंनाच मिळावी याबद्दल आमचं दुमत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. नवऱ्याच्या नावावर गाडी आहे एवढ्यानं सरकारच्या लेखी बायको गाडीवाली झाली. पैसे नाकारायची वेळ आली तेव्हा गाडी कुटुंबाची ठरली. मग तीच बाई रात्री मार खाऊन ओट्यावर बसते, पोराचा ताप उतरत नाही, दवाखाना आठ मैलांवर आहे आणि गाडी समोर उभी आहे, तेव्हा ती गाडी कुणाची असते? तेव्हा ती ‘त्यांची’ असते. किल्ली त्यांच्या खिशात असते आणि ते झोपलेले असतात.

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. आमच्याकडे येणारी बाई दागिन्यांबद्दल बोलते, भांड्यांबद्दल बोलते, फ्रीज आणि कपाटाची यादी देते. घरातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या महागड्या वस्तूबद्दल, म्हणजे गाडीबद्दल, ती स्वतःहून क्वचितच बोलते. विचारलं तर म्हणते, “ती यांची.” पैसे कुणी भरले हे विचारलं की मात्र गोष्ट लांबत जाते. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे: घरातली गाडी ही मालमत्ता आहे, आणि बाईचा तिच्यावरचा हक्क कागद, किल्ली आणि जाण या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी तपासला पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी बाई गाडीची मालकीण नाही, ती गाडीतली सवारी आहे.

हा आपला प्रश्न आहे का?

बैठकीत हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया ठरलेली. “गाडी हा चैनीचा प्रश्न. आपल्या बायकांचा जन्म एसटीची वाट पाहण्यात जातो.” यात तथ्य आहे. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी पाच घरांतही मोटार नव्हती. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही हा आकडा आठच्या आसपासच राहिला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे जेवढ्या बायका माहेरी, बाजाराला, तालुक्याला जाऊ शकल्या तेवढ्या मोटारींमुळे कधीच जाणार नाहीत. बस वेळेवर हवी, वस्तीपर्यंत हवी, रात्री हवी, ही मागणी पहिलीच राहील. मोटार घ्या असा प्रचार मी करत नाही.

पण जरा पैशाचा माग काढून बघू या. वस्तीतला नवरा टुरिस्ट गाडी चालवतो. गाडी जुन्या बाजारातून घेतलेली. सुरुवातीची रक्कम भरायला बायकोच्या गळ्यातलं गहाण पडलं. उरलेल्यातला काही भाग तिच्या नावावर बचत गटातून नाही तर मायक्रोफायनान्सच्या कर्जातून उचलला. आठवड्याच्या बैठकीला हप्ता घेऊन तीच जाते. हप्ता चुकला तर गटातल्या बायका तिच्याच दारात येऊन बसतात. आणि गाडीच्या आरसी बुकावर नाव कुणाचं? ही मध्यमवर्गाची गोष्ट नाही. तुमच्या-माझ्या वस्तीतली आहे.

दुसरं असं, की मालमत्तेचा प्रश्न आपण नव्यानं काढत नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा बायकांच्या नावावर जमिनीचा तुकडा करून देणारे नवरे महाराष्ट्रानं पाहिले. १९९४ मध्ये राज्यानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. सातबाऱ्यावर नाव, घरावर नाव, रेशनकार्डावर नाव, हे आपण मागत आलो. घराला चाकं लागली की मात्र आपली मागणी उंबऱ्यातच थांबते. असं का व्हावं?

पैसा कुणाचा?

मोटारीचा इतिहास सांगताना जर्मनीच्या कार्ल बेंझचं नाव घेतात. १८८६ मध्ये त्याला मोटारीचं पेटंट मिळालं. या कामामागे पैसा कुणाचा होता? लग्न ठरलेल्या बेर्थानं आपल्या हुंड्याची रक्कम लग्नाआधीच उचलून त्याच्या कारखान्यात घातली आणि त्रास देणाऱ्या भागीदाराला बाजूला काढलं. लग्न झाल्यावर त्या काळच्या कायद्यानं या पैशावरचा तिचा अधिकारच संपला. पेटंटवर नाव एकट्या नवऱ्याचं.

पण बेर्था गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. गाडी तयार होऊनही लोक ती घेत नव्हते. ऑगस्ट १८८८ मध्ये तिनं नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बरोबर घेतलं आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे शंभरावर किलोमीटरवर, माहेरी निघाली. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीच्या पिनेनं मोकळी केली. तार उघडी पडली तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास हा. तो एका बाईनं केला, आणि वाटेतली दुरुस्तीही तिनंच केली. ‘बायकांना मशीनमधलं कळत नाही’ असं म्हणणाऱ्याला ही हकीगत जरूर ऐकवावी.

बेर्थाला आज सव्वाशेवर वर्षं झाली. आपल्याकडे हुंड्याचा पैसा थेट गाडीच्या रूपानंच दारात येऊ लागला आहे. जून २०२१ मध्ये केरळच्या कोल्लम जिल्ह्यात आयुर्वेद शिकणारी एक तरुणी सासरी मरण पावली. लग्नात सोनं, जमीन आणि मोटार दिली होती. मिळालेली मोटार मनासारखी नाही म्हणून नवरा छळत होता, असं खटल्यात पुढे आलं. हा नवरा नोकरीला होता मोटार वाहन खात्यात! मे २०२२ मध्ये सत्र न्यायालयानं त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. मे २०२५ मध्ये पुण्याजवळ मुळशीत एका विवाहितेचा मृत्यू झाला, तेव्हा लग्नात दिलेलं ५१ तोळे सोनं आणि महागडी मोटार यांची चर्चा महिनाभर चालली. ते प्रकरण न्यायालयात आहे. मांडवाच्या दारात फुलांनी सजवलेली गाडी आणि जावयाच्या हातात दिलेली मोठी पुठ्ठ्याची किल्ली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. टाळ्याही वाजवल्या जातात.

हुंडा घेणं आणि देणं दोन्ही गुन्हा आहे, हे आपण सांगतच राहू. पण हुंडा प्रतिबंधक कायद्याचं सहावं कलम आपल्या शिबिरांत फारसं वाचलं जात नाही. लग्नाच्या वेळी किंवा आधी हुंडा म्हणून जे घेतलं ते तीन महिन्यांच्या आत त्या बाईच्या हवाली करायचं, आणि तोवर ते तिच्या हितासाठी सांभाळायचं, असं ते कलम म्हणतं. म्हणजे मांडवात उभी असलेली गाडी कायद्यानं वधूची. प्रत्यक्षात तिची नोंदणी वराच्या नाही तर त्याच्या वडिलांच्या नावानं झालेली असते. वधूचे आई-वडील पैसे रोख देतात, पावती वराच्या नावानं फाडतात. पुढे आमच्या केंद्रात यादी करायची वेळ येते तेव्हा पुरावा शिल्लक नसतो.

कागदावरची मालकीण

“आमच्याकडे गाडी हिच्याच नावावर आहे हो,” असं अभिमानानं सांगणारे नवरे वाढताहेत. ऐकायला बरं वाटतं. जरा खोलात शिरलं की कारणं निघतात. नवऱ्याच्या नावावर आधीच कर्ज थकलेलं असतं, नाही तर सरकारी नोकरीत मालमत्ता दाखवायची अडचण असते, नाही तर भावकीतल्या वाटणीपासून गाडी वाचवायची असते. बाईचं नाव हा आडोसा.

या आडोशाची किंमत ती मोजते. मोटार वाहन कायदा, १९८८ म्हणतो, ज्याच्या नावावर नोंदणी तो मालक. अपघात झाला आणि विमा संपलेला असला, तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर येतो. नवऱ्यानं गाडी परस्पर विकली आणि नाव बदललंच नाही, तरीही जबाबदारी जिच्या नावावर गाडी आहे तिचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. सिग्नल तोडला त्यानं, चलन येतं तिच्या मोबाइलवर. आणि सर्वांत गंभीर म्हणजे २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९ अ. अठरा वर्षांखालच्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे मालकानंच सिद्ध करायचं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले, तेव्हापासून हे कलम सगळ्यांना ठाऊक झालं. पण घराघरांत काय चालतं? दहावीतल्या पोराला ‘मैदानात दोन चकरा मार’ म्हणून किल्ली देतो बाप, आणि गाडी असते आईच्या नावावर. पोराला अडवण्याइतका तिचा शब्द चालतो का, हे कुणी विचारत नाही.

विम्याचं तर आणखी विचित्र आहे. गाडीच्या विम्याबरोबर मालकासाठी वैयक्तिक अपघात विमा घ्यावा लागतो. ही रक्कम पंधरा लाख रुपये. पण तो ‘मालक-चालका’साठी असतो, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आहे तोच परवान्यासह चालवत असला तर. आता बघा. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवते बायको, तर हे संरक्षण तिला नाही. गाडी बायकोच्या नावावर आणि तिच्याकडे परवानाच नाही, तर तिलाही नाही आणि चालवणाऱ्या नवऱ्यालाही नाही. ‘नावावर करून दिली’ या उदारपणानं दोघंही उघडी पडली!

किल्ली

परवाना असलेल्या पण गाडी न चालवणाऱ्या बायकांची एक मोठी जमात आपल्यात आहे. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पैसे भरून शिकल्या, आठचा आकडा काढून दाखवला, परवाना मिळाला. तो पर्समध्ये पडून आहे, ओळखपत्र म्हणून कामाला येतो. कारण शिकल्यावर महिनाभर रोज हात बसवायला गाडी लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही. “गर्दीत नको.” “पावसात नको.” “नवी गाडी आहे, ओरखडा येईल.” “तू क्लच घासतेस.” शेजारी बसून दर दहा सेकंदांनी ‘ब्रेक, ब्रेक’ ओरडणाऱ्या माणसाबरोबर कुणीही शिकू शकणार नाही. चार दिवसांनी तीच म्हणते, “जाऊ दे, मला नाही जमत.” मग घरात ठरतं, बायकांना नाहीच जमत.

सौदी अरेबियात बायकांना गाडी चालवायला बंदी होती. ६ नोव्हेंबर १९९० रोजी रियाधमध्ये ४७ बायकांनी गाड्या रस्त्यावर आणल्या, त्यांना अटक झाली, काहींच्या नोकऱ्या गेल्या. बंदी उठायला २४ जून २०१८ उजाडावं लागलं, आणि त्याच्या महिनाभर आधी त्यासाठी लढणाऱ्या बायकांना तुरुंगात टाकलं गेलं. आपण त्यांच्याबद्दल हळहळलो. आपल्याकडे असा कायदा नाही. आपल्याकडे बंदी दाराच्या मागच्या खुंटीवर लटकलेली असते.

किल्ली हे नियंत्रणाचं साधन आहे, हे आमच्या कामात रोज दिसतं. भांडण झालं की आधी गाडीची किल्ली काढून घेतली जाते. नोकरीला जाणाऱ्या बाईच्या गाडीतलं पेट्रोल मोजलं जातं, किलोमीटरचा आकडा टिपला जातो, “बारा किलोमीटर जास्त कशी चालली?” म्हणून चौकशी होते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे. घरातल्या नात्यामुळे ज्या साधनांचा नि सोयींचा वापर करायचा हक्क बाईला आहे, त्यांपासून तिला रोखणं हा त्या व्याख्येचा भाग आहे. तिच्या हक्काची मालमत्ता तिच्या ताब्यात द्यायचा आदेशही दंडाधिकारी देऊ शकतात. आपण अर्ज लिहितो तेव्हा निवास मागतो, पोटगी मागतो, स्त्रीधन मागतो. गाडी मागतो का? ती रोज ज्या गाडीनं कामाला जायची ती काढून घेतली, याचा उल्लेख संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालात करतो का? बाईची नोकरी त्या गाडीवर अवलंबून असेल तर हा किरकोळ तपशील राहत नाही.

बॉनेटच्या आत

दसऱ्याला गाडी कोण धुतं ते आठवा. झेंडूचा हार कोण ओवतं, टायरखाली लिंबू कोण ठेवतं, हळदकुंकू लावून गाडीला ओवाळतं कोण? सासूबाईंना गाडी लागली तर मागची सीट पुसतं कोण? गाडीची सेवा बाईकडे आहेच. तिला दिलं जात नाही ते गाडीचं ज्ञान. बॉनेट उघडलं की बायकांनी बाजूला व्हायचं.

गॅरेजमध्ये बाई एकटी गेली तर पहिला प्रश्न, “साहेब नाही आले?” दुसरं वाक्य, “साहेबांना फोन करायला सांगा, त्यांना समजावतो.” बिल मात्र तिच्याच हातात. काय बदललं, का बदललं, जुना पार्ट कुठे आहे, हे तिनं विचारायचं नसतं. अज्ञानाचे पैसे पडतात, आणि ते घरखर्चातूनच जातात.

खरं तर रोजची निगा राखायला जे लागतं ते स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या बाईला अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करायचं, थोडा वेळ थांबायचं, डिपस्टिक काढून पुसायची, परत घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये असलं की ठीक. कुकर गरम असताना झाकण उघडू नये हे जिला कळतं तिला रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नये हे सांगावं लागत नाही. टायरमध्ये हवा किती हवी ते बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी उरली की टायर बदलायचा. चाक बदलताना नट आधी सैल करायचे आणि मग जॅक लावून गाडी उचलायची. उलटं केलं तर चाक हवेत फिरत राहतं. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवली की क्लच प्लेट जाते, हे खरं आहे. पण ते बायका आणि पुरुष दोघांच्याही पायांना लागू आहे. पीयूसी आणि विमा यांच्या तारखा गॅसच्या नंबरासारख्या कॅलेंडरवर लिहून ठेवायच्या. एवढं आलं तरी गॅरेजवाल्याचा आवाज बदलतो.

आणि गॅरेजच्या भाषेबद्दलही बोललंच पाहिजे. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी रस्त्यावर अशी चाकं बनवणारा कारखाना होता, त्यावरून हा शब्द आला. आपल्या मर्द मंडळींनी तो उचलला आणि लग्नाबाहेरच्या बाईला लावला. बायकोसुद्धा चाक आणि दुसरीही चाक. चालवणारा तो एकटा! हा विनोद आपल्यासमोर झाला तर हसू नये, एवढं तरी ठरवू या.

रस्त्यावरची मर्दुमकी

‘लेडीज ड्रायव्हर’ हा टवाळीचा विषय आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे टवाळीला उत्तर देतात. २०२२ मध्ये देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. दर दहा मृत्यूंपैकी सात मृत्यूंचं नोंदलेलं कारण वेगमर्यादा ओलांडणं हे होतं. मेलेल्यांत पुरुष ऐंशी टक्क्यांहून जास्त. बायका मुळात गाड्या कमी चालवतात, म्हणून एवढ्यावरून बायका निसर्गतः चांगल्या चालक आहेत असं मी म्हणणार नाही. पण भरधाव वेग, डावीकडून ओव्हरटेक, पुढच्याच्या मागे चिकटून हॉर्न, दोन पेग घेऊन “मला काही होत नाही” म्हणणं, या सवयींना मर्दपणाची शाबासकी मिळते, हे कोण नाकारेल? मागे बसून “जरा हळू घ्या ना” म्हणणारी भित्री ठरते. तिच्या मांडीवर मूल असतं, मागच्या सीटचा पट्टा सीटच्या खाचेत दडपलेला असतो, आणि तिचा जीव त्याच्या उजव्या पायावर टांगलेला असतो.

गाडीचा साचाही पुरुषाच्या मापाचा. गाड्या आपटून सुरक्षितता तपासतात त्या बाहुल्या दशकानुदशकं सरासरी पुरुषाच्या बांध्याच्या होत्या. अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात पट्टा लावलेल्या स्त्री चालकाला त्याच परिस्थितीतल्या पुरुषापेक्षा गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्के जास्त आढळली. सरासरी स्त्रीच्या बांध्याची आसनस्थ बाहुली स्वीडनमधल्या संशोधक बाईंनी पुढे आणली ती २०२२ मध्ये. आपण स्टिअरिंग हातात घेऊ ते पुरुषांसारखं बेफाम चालवण्यासाठी नव्हे, हेही इथेच नोंदवून ठेवते. पोटुशी बाईनं पट्टा लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा. “पोटाला लागेल” म्हणून पट्टा सोडायला सांगणाऱ्या सासूलाही हे समजावलं पाहिजे.

तो गेल्यावर

नवरा गेल्यावर दारातल्या गाडीचं काय होतं हे एकल महिलांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. तेरावा होण्याआधी दीर किल्ली घेऊन जातो. “वहिनी, तुम्हाला कुठे चालवता येते?” गाडी वापरली जाते, हप्त्याची नोटीस मात्र वहिनीकडे येते, कारण सहकर्जदार म्हणून तिची सही आहे.

म्हणून हे पाठ करून ठेवा. मालकाचा मृत्यू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत आरटीओला कळवलं, तर वारसाला तीन महिने ती गाडी वापरता येते. त्या तीन महिन्यांत ३१ नंबरचा अर्ज भरून गाडी आपल्या नावावर करायची. कर्ज फिटलं असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र घेऊन ३५ नंबरच्या अर्जानं बँकेचं नाव उतरवायचं. २०२१ पासून गाडीच्या नोंदणीत वारसदार नेमायची सोय झाली आहे. नवरा धडधाकट असताना दहा मिनिटांत होणारं हे काम. अपशकुन म्हणून ते टाळलं जातं, आणि नंतर बाई वर्षभर खेटे घालते.

मग करायचं काय?

१९९१ नंतर तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरता मोहिमेनं बायकांना सायकल शिकवली. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी ती मोहिमेचाच भाग केली. हजारो खेडूत बायका, त्यांत शेतमजूर होत्या, खाणीत काम करणाऱ्या होत्या, सायकलवर बसल्या. त्यांना चिडवलं गेलं, अचकट-विचकट बोललं गेलं, तरी त्या थांबल्या नाहीत. पाण्याची घागर, पोर आणि माल घेऊन त्या जायच्या तिथे स्वतः जाऊ लागल्या. दिल्लीत २००८ पासून आझाद फाउंडेशन गरीब वस्तीतल्या बायकांना व्यावसायिक चालक बनवतं; तिथे गाडी शिकण्याबरोबर हक्क आणि कायदाही शिकवतात. अक्षरासारखी चाकंही सामूहिकपणेच बायकांच्या हाती येतात, हे या दोन्ही ठिकाणी दिसलं. एकटीनं घरात भांडून मिळवलेली किल्ली पुढच्या भांडणात परत जाते.

आपल्या गटांनी कामाला लागावं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरातल्या वाहनाचे कागद, दुचाकी असली तरी, घेऊन यावं. नाव कुणाचं, कर्ज कुणाच्या सहीवर, विमा कधी संपतो, वारसदार कोण, हे चार प्रश्न मोठ्यानं वाचावेत. बचत गटातून वाहनासाठी कर्ज गेलं तर आरसीवर बाईचं नाव आणि तिचा परवाना या दोन्ही अटी गटानंच घालाव्यात. नुसतं नाव चालणार नाही. परवाना काढून पर्समध्ये ठेवलेल्या बायकांनी मिळून एखादी जुनी गाडी महिनाभर भाड्यानं घ्यावी आणि हात बसवावा. शिबिरात एक सकाळ बॉनेट उघडून घालवावी. अर्ज लिहिताना गाडीचा नंबर लिहायची सवय कार्यकर्त्यांनी लावून घ्यावी. आणि सरकारला विचारावं, की लाभ नाकारताना तुम्ही गाडी कुटुंबाची धरता, तर नोंदणी करतानाही ती नवरा-बायको दोघांच्या नावावर का करत नाही?

कुणी म्हणेल, भूक, पाणी, हिंसा यांच्यापुढे हे सगळं बारीक आहे. मारणाऱ्याच्या हातून सुटून निघालेल्या बाईला विचारा. फाटक उघडं होतं, गाडी उभी होती, रस्ता मोकळा होता, पण किल्ली नव्हती आणि असती तरी चालवता आली नसती, असं ती सांगेल. आमच्या केंद्रात अशा बायका पहाटेपर्यंत स्टँडवर बसून पहिल्या एसटीनं आलेल्या आहेत.